लॉन्ड्रीतलं ऊन

डनेडिन,
जूनचा शेवटचा आठवडा

प्रिय अहो,

हसू नका. एवढ्या वर्षांच्या संसारात तुम्हाला पत्र लिहायची वेळच आली नव्हती. लग्न ठरल्यावर चार ओळी लिहिता आल्या असत्या, पण नागपुरातच तुमचं घर इंदोऱ्यात आणि आमचं लष्करीबागेत. पत्र टाकायला निघाले असते तर वाटेत तुम्हीच भेटला असतात. आता वर तुमचं नाव लिहून सुरुवात करून पाहिली, पण हात अडला. पेशंटना मी पहिल्या नावाने हाका मारते, सर्जनना मारते, तुम्हाला मात्र जमत नाही. तेव्हा रोज जी हाक मारत आले तीच लिहिली आहे.

फोन आहे, व्हिडिओ आहे, मग हिला पत्राचं काय सुचलं, असं तुम्ही भाऊजींना विचाराल. सांगते. फोनवर तुमचा पहिला प्रश्न असतो, "आज किती?" मी म्हणते, चार. तुम्ही म्हणता, "इकडं बेचाळीस," आणि जणू कुणीतरी सामना जिंकला अशा थाटात बोलणं तिथेच संपतं. तीन हिवाळे हेच चाललंय. आधी म्हणालात, थंडी सरली की येतो. मग गुडघे. मग पुतण्याचं लग्न. इथला उन्हाळा आला आणि गेला, मी मार्चमध्ये रिटायर झाले, वॉर्डातल्या पोरींनी मला केक कापायला लावला, आणि तुमची खुर्ची रिकामीच होती. मी भांडायला बसलेली नाही. पण तुम्ही परत येणार की नाही, हे आता मला कळायला हवं. आणि ते ठरवण्याआधी इथे जे जे झालं ते तुम्ही एका दमात, मध्ये तापमान न विचारता ऐकायला हवं. कागदाला मधे तोडता येत नाही.

तर पहिली बातमी. आपल्या सुरभीचा तो बिझनेस डिस्ट्रिक्ट उभा राहिला. जुन्या रेल्वे गोदामांची जागा आठवते ना, जिथे गंजलेली शेड होती आणि तुम्ही म्हणायचात, इथं भुताला पण सर्दी होईल? तीच जागा. मेच्या पहिल्याच आठवड्यात उद्घाटनाला पहाटे अंधारात कराकिया झाली. इथल्या माओरी वडीलधाऱ्यांनी प्रार्थना म्हणत सगळ्या गल्ल्यांतून आम्हाला फिरवलं. मी पांढरी साडी नेसले होते. आत दोन थर्मल, वर तुमचा तो निळा जाड कोट, तरी साडीच. एका आजीबाईने नाकाला नाक लावून किया ओरा केलं आणि विचारलं, तू कोण? मी म्हटलं, हे जिने काढलंय ना, तिची आई. अहो, असं म्हणताना माझा आवाज एवढा मोठा निघाला की पुढच्या रांगेतली माणसं वळून बघायला लागली. बघू देत म्हटलं.

बिझनेस डिस्ट्रिक्ट म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर काचेचे टॉवर आणि संध्याकाळी सहाला शुकशुकाट येईल. माझ्याही आला होता. हे तसं नाही. खाली दुकानं, दवाखाना, लायब्ररीची एक छोटी खोली, पाळणाघर. त्यावर ऑफिसं. त्यावर माणसं राहतात, खरीखुरी, खिडकीत टॉवेल वाळत घालणारी. इमारती बऱ्याचशा लाकडाच्या आहेत आणि भिंती इतक्या जाड, की आत गेल्यावर पहिली पाच मिनिटं मी सवयीने कोट काढलाच नाही, आणि मग घाम आला. पावसाचं पाणी गटारात न जाता रस्त्याकडेच्या गवताच्या खाचरांत मुरतं. आणि तुम्हाला, इंजिनिअरसाहेब, सगळ्यात आवडेल ती गंमत अशी: सुपरमार्केटच्या मोठमोठ्या फ्रीजांतून जी ऊब मागच्या मागे वाया जाते ना, ती पाइपांनी फिरवून चौकातल्या बसायच्या कट्ट्याखालून नेलीय. आइस्क्रीम गार राहतं आणि आपली बैठक गरम. मला समजावताना सुरभी म्हणाली, "आई, बाबांना सांग, ते लगेच पाइपाचा डायमीटर विचारतील." मी विचारून ठेवलाय. हवा असेल तर इकडे या.

पण खरी गोष्ट पाइपांची नाही. खरी गोष्ट उन्हाची आहे, आणि ती आपल्या घरापासून सुरू होते. आता जरा शांत राहा. मी त्या घराबद्दल बोलणार आहे.

आठवतं, आपण ते बघायला गेलो तो डिसेंबर होता. येऊन चारच महिने झाले होते, हिवाळा भाड्याच्या खोलीत हीटरला चिकटून काढला होता, आणि तुम्ही ठरवलं होतं की पुढचा हिवाळा स्वतःच्या उन्हात काढायचा. एजंटने संध्याकाळची वेळ दिली. हॉलला ही एवढी मोठी खिडकी, आणि तिच्यातून सोन्यासारखं ऊन थेट भिंतीपर्यंत. रात्रीचे आठ वाजले होते तरी! तुम्ही खिशातून होकायंत्र काढलंत. तुमच्याशिवाय घर बघायला होकायंत्र घेऊन जाणारा माणूस मी पाहिलेला नाही. सुई बघून म्हणालात, खिडकी दक्षिणेला. झालं तर मग. नागपुरात हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला कलतो, दक्षिणेच्या अंगणात आपण स्वेटर घालून शेंगा सोलायचो, हे तुम्हाला पाठ. माझ्याकडे वळून म्हणालात, "हिवाळाभर ऊन. काही नाही होत आता आपल्याला."

आणि नेमक्या त्याच आठवड्यात दमयंती वहिनींनी तोंड घातलं. या शहरात तेव्हा मराठी घरं मोजकी, त्यात त्यांचं वास्तुशास्त्र. दक्षिणमुखी घर घेऊ नका हो, यमाची दिशा, असं त्या डबा देता देता म्हणाल्या आणि तुमच्या डोक्यातली तिडीक मला दिसली. आपल्या घरात भिंतीवर बुद्धांचा आणि बाबासाहेबांचा फोटो. तुमच्या वडिलांनी लिंबू-मिरची बांधणाऱ्या मालकाची नोकरी सोडली होती. यमाला घाबरून घर सोडाल असे तुम्ही नव्हताच. आधी घर नुसतं आवडलं होतं, वहिनी बोलल्या आणि ते तत्त्वाचं झालं. दुसऱ्याच दिवशी सही करून आलात. खरं सांगू? मलाही तुमचा अभिमानच वाटला होता. आजही वाटतो. यमाला नाही म्हणायला हिंमत लागते.

फक्त या गोलार्धात सूर्य उत्तरेला असतो, हे यमानेही सांगितलं नाही आणि एजंटनेही नाही.

मे उजाडला आणि ऊन हॉलमधून जे गेलं ते गेलंच. उत्तरेला मागे टेकडी, पुढे दक्षिणेचा वारा, तो म्हणे थेट अंटार्क्टिकावरून निघतो आणि वाटेत पहिलं घर आपलंच लागतं. सकाळी उठून खिडक्यांचं पाणी टॉवेलने टिपायचं. डोशाचं पीठ फुगवायला गरम पाण्याच्या टाकीच्या कपाटात ठेवायचं आणि देवासारखं त्याच्याकडे बघत बसायचं. रविवारची बुद्धवंदना आपण कानटोप्या घालून म्हणायचो, तोंडातून वाफ निघायची, आणि सुरभीला वाटायचं की वंदनेचा भागच आहे तो. तुम्ही मात्र एकदाही घराला नाव ठेवलं नाहीत. "घर थंड नाही, आपली सवय गरम आहे," हे तुमचं वाक्य तर मी हॉस्पिटलात सांगून लोकांना हसवलंय. दमयंती वहिनी दर हिवाळ्यात मुद्दाम विचारायच्या, कसं काय घर? आणि तुम्ही खोकला गिळून म्हणायचात, एक नंबर.

मला तेव्हाच कळलं होतं हो. चूक भूगोलाची होती. पण ती मान्य केली असती तर जिंकलं असतं वास्तुशास्त्र. म्हणून तुम्ही त्या घरात सगळं आयुष्य काढलंत. छातीत दोनदा कफ भरला तरी घर विकायचं नाव काढलं नाहीत. सुरभीने काढलं, तर तिच्याशी महिनाभर बोलला नाहीत आणि मेमध्ये बॅग भरून नागपूर गाठलंत. हे मी आधी कधी बोलले नाही, कारण तुमच्या तोंडावर बोलले असते तर मीही वहिनींच्या बाजूची ठरले असते. तुमच्या बाजूची होते म्हणूनच गप्प होते.

आणि मग होती लॉन्ड्री. मागच्या बाजूची ती एवढीशी खोली, जिच्यात वॉशिंग मशीन, ड्रायर आणि कपड्यांची टोपली ठेवली की माणसाला जागा उरायची नाही. अख्ख्या घरात उत्तरेची खिडकी तिला तेवढी. टेकडी आणि शेजारच्याचं छप्पर यांच्या फटीतून दुपारी थोडा वेळ तिथे ऊन यायचं. कुणी ठरवलं नाही, पण हळूहळू आपण तिघंही तिथे राहायला लागलो. तुम्ही टोपली उलटी करून तिच्यावर, मी मशीनला टेकून, सुरभी ड्रायरवर मांडी घालून गृहपाठ करत. चहा तिथे, भाजी निवडणं तिथे, तिच्या शाळेतल्या भानगडी तिथे. पाहुणे आले की तुम्ही ऐटीत हॉल उघडायचात आणि ते पंधरा मिनिटांत उठायचे. सुरभीच्या मैत्रिणींना मात्र ती थेट लॉन्ड्रीत न्यायची. एक पोर जँडल्स, म्हणजे नुसत्या रबरी चपला, घालून भर जुलैमध्ये यायची, तिचेसुद्धा पाय तिथे गरम व्हायचे.

ते सगळं त्या मुलीच्या डोक्यात कुठेतरी साठत होतं, याची मला काय कल्पना! मला वाटायचं, ती गणितं सोडवतेय. ती ऊन कुठून कुठे सरकतं ते बघत होती.

आता सुनावणीचं सांगते. हे तुम्हाला कुणी सांगितलेलं नसेल, कारण मी सांगू दिलं नाही. दोन वर्षांपूर्वी, तुम्ही तिकडे पहिली होळी बघत होता तेव्हा, या डिस्ट्रिक्टच्या आराखड्यावर सुनावणी होती. सुरभीची कल्पना साधी. उत्तरेच्या इमारती बुटक्या ठेवायच्या म्हणजे ऊन चौकात उतरेल. दक्षिणेच्या उंच करायच्या म्हणजे वारा त्यांच्या पाठीवर अडेल. दक्षिणेला पाठ आणि उत्तरेला तोंड करून बसायचं, एवढंच. जागेच्या मालकांना हे नको होतं. मोठा रस्ता उत्तरेला, तिथूनच लोक बघणार, म्हणून टॉवर तिथेच हवा. सुरभीच्या ऑफिसातलेही तिला म्हणत होते, जाऊ दे, दोन मजल्यांनी काय होतं, अख्खा प्रकल्प हातचा जाईल. ती घरी येऊन जेवली नाही की मला कळायचं, आज पुन्हा दोन मजले.

मी रजा टाकून गेले आणि मागच्या रांगेत बसले. समोर तीन जणांचं पॅनेल, मधली अध्यक्षबाई कडक दिसत होती. मालकांच्या माणसाने पडद्यावर चित्र लावलं. टॉवर उभा, तरी चौकात मस्त पिवळं ऊन, पोरं आइस्क्रीम खातायत, एक कुत्रा लोळतोय. सगळे खूश. मला मात्र ते ऊन ओळखीचं वाटायला लागलं. कोपऱ्यात बारीक अक्षरांत लिहिलं होतं: डिसेंबर, संध्याकाळ.

सुरभी उठली. हातातला कागद तिने खाली ठेवला. ती इंग्रजीत बोलली, पण मला ते मराठीतच आठवतं. म्हणाली, माझे बाबा इंजिनिअर आहेत आणि मला माहीत असलेल्या माणसांत सगळ्यात तर्काने चालणारे. घर घ्यायला ते होकायंत्र घेऊन गेले होते. लोकांनी अंधश्रद्धेने घाबरवलं तरी ते घाबरले नाहीत. अशा माणसालाही या शहराने फसवलं, कारण त्याला ते घर डिसेंबरात दाखवलं होतं. मग तिने लॉन्ड्री सांगितली. ड्रायर, टोपली, कानटोपीतली वंदना, सगळं. अध्यक्षबाई हसली, मागे माणसं हसली. आणि मग सुरभी म्हणाली की या डोंगराच्या सावलीत अशी कितीतरी घरं आहेत, ज्यांतली माणसं हिवाळाभर एका खोलीत ऊन शोधत फिरतात. ते निदान आपापल्या घरी. आता आपण सगळ्या शहराचा चौकच तसा बांधायला निघालो आहोत. मला या चौकाचं जूनमधलं चित्र बघायचंय.

हसणं थांबलं. अध्यक्षबाईने त्या माणसाकडे बघितलं. त्याच्याकडे जूनचं चित्र होतं, पण ते लावावं लागेल असं त्याला वाटलं नव्हतं. लावलं. अहो, चौक काळा. दुपारी बाराला, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत काळा. कुत्र्यालासुद्धा जागा नाही.

मी रडले. सांगून टाकते, म्हणजे तुम्ही विचारायला नको. शेजारच्या अनोळखी बाईने मला टिश्यू दिला आणि विचारलं, आर यू ओके, लव? मी म्हटलं, ती माझी मुलगी आहे, आणि तो होकायंत्रवाला माझा नवरा. तुम्हाला राग येईल याची भीती मला दोन वर्षं होती, म्हणून फोनवर हा विषय निघाला की मी भाजीचा भाव विचारायची. पण तिने तुमची चूक सांगितली नाही हो. तिने तुमचा ताठ कणा सांगितला, आणि तुम्हाला फसवणारं ऊन सांगितलं. त्या खोलीत एकालाही तुम्ही वेडे वाटला नाहीत. बाहेर पडताना एक म्हातारा माझ्यापाशी येऊन म्हणाला, आमचंही घर डिसेंबरातच बघितलं होतं, माझी बायको अजून मला ऐकवते.

निकाल महिन्याभराने आला. उत्तरेचे मजले कापले, ते दक्षिणेच्या इमारतींवर चढवले. आणि आराखड्यात नियमच घालून टाकला, की वर्षातल्या सगळ्यात लहान दिवशीसुद्धा जेवणाच्या सुट्टीत चौकात ऊन पडलंच पाहिजे. पुढे कुणीही काहीही बांधो. नुसती मागणी नाही, नियम! आपल्या पोरीने उन्हाला कायद्यात बसवलं. इंदोऱ्यात सगळ्यांना सांगा. भाऊजींना दोनदा सांगा.

झाडांवरून मात्र ती थोडी घसरली, तेही सांगते, नाहीतर म्हणाल आईने पोरीला डोक्यावर घेतलंय. तिने पहिल्यांदा चौकाच्या मधोमध डेरेदार सदाहरित झाडं काढली होती. तिच्याबरोबर काम करणारी मेरे, माओरी आहे, झाडांतली दर्दी, तिने विचारलं, सुरभी, तू उन्हासाठी एवढी भांडलीस आणि आता स्वतःच छत्री का उघडतेस? रक्तातलं नागपूर! चौक म्हटला की हात आपोआप सावली काढतो. इथली बहुतेक झाडं पानं गाळत नाहीत, पण कोटुकुटुकु नावाचं एक गाळतं, तांबूस साल, कागदासारखी सुटणारी. मेरेने ते सुचवलं. उन्हाळ्यात सावली, हिवाळ्यात नुसत्या काड्या आणि खाली ऊन. सध्या ती रोपं माझ्या कमरेएवढी आहेत.

आता दमयंती वहिनी. त्या उद्घाटनाला आल्या होत्या, कट्ट्यावर माझ्या शेजारी बसल्या, बूड गरम झाल्यावर जरा मोकळ्या झाल्या आणि सुरभीला म्हणाल्या, "म्हणजे शेवटी आमची वास्तूच खरी ठरली ना गं? दक्षिण वाईट ती वाईटच." मी मनात म्हटलं, झालं, संपलं, हे नागपुरापर्यंत पोचणार. सुरभी शांतपणे म्हणाली, "काकू, तुमची मास्टर बेडरूम वास्तूप्रमाणे नैऋत्येला आहे ना? कशी आहे?" वहिनींनी पदर सारखा केला. मग हळूच म्हणाल्या की भिंतीला बुरशी येते, तीन वर्षं झाली, ते दोघं हॉलमध्ये गादी टाकून झोपतात. म्हटलं, इतकी वर्षं बोलला नाहीत? तर म्हणाल्या, तुमच्या ह्यांना कळलं असतं तर मला तोंड दाखवायला जागा उरली नसती.

ऐकलंत? तुम्ही इकडे खोकला गिळत होता आणि त्या तिकडे बुरशी लपवत होत्या. एक टेकडी मधे ठेवून दोघंही गारठत होता, कारण दोघांचीही दिशा नागपूर-पुण्यातून आणलेली होती. नैऋत्य इथे सगळ्यात थंड कोपरा. यम नाही, शास्त्र नाही, नुसता सूर्य दुसरीकडे. तुम्ही वास्तुशास्त्राला हरला नाहीत, अहो. ते तर तुमच्या आधीच बाद झालं होतं. मी वहिनींना हसले नाही. खरं म्हणजे हसले, पण त्याही हसल्या. त्या आता दर गुरुवारी कट्ट्यावर येतात, आणि तुमची चौकशी करतात. या वेळी खरी.

त्या कट्ट्याचं नाव राहिलंच. नकाशावर चौकाला रीतसर माओरी नाव आहे, सुंदर आहे, आणि मी ते म्हणायला शिकतेय. पण सुरभीने पहिल्या स्केचमध्ये उन्हाच्या त्या कोपऱ्यावर आठवणीसाठी पेन्सिलीने लिहिलं होतं, द लॉन्ड्री. ऑफिसातले तसंच म्हणायला लागले. मग बांधकामावरचे. मग कॉफीवाला. आता अख्खं गाव म्हणतं, लंचला लॉन्ड्रीत भेटू. परवा दोन सुटाबुटातली माणसं माझ्यासमोर म्हणत होती, "लॉन्ड्री इज ऑल्वेज स्वीट ॲज, मेट," म्हणजे एकदम झकास, आणि त्यांनाच आश्चर्य, की इथे धोब्याचं दुकान तर दिसत नाही, मग हे नाव कुठून आलं? मला उत्तर माहीत होतं. मी फक्त डब्यातली चपाती खात राहिले. सुनावणीला होते त्यांनी ते ऐकलंय, पण त्या खोलीत रोज ऊन खात बसलेली माणसं तीनच, आणि त्यांतला एक नागपुरात कूलरसमोर बसलाय.

म्हणून आता मुद्द्याचं. मी हे पत्र आपल्या घरातून लिहीत नाहीये. मागच्या रविवारी मी तिथून निघाले. सुरभी म्हणत होती, बाबांना विचार. मी म्हटलं, विचारलं तर ते नाही म्हणतील आणि मग मला जाता येणार नाही. रिटायर झालेय, उरलेले हिवाळे खिडक्या पुसण्यात घालवायचे नाहीत. कट्ट्याच्या वरच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांचा फ्लॅट भाड्याने घेतलाय. जुनं घर आहे तसं आहे, पडदे ओढून ठेवलेत. ते ठेवायचं की विकायचं ते तुम्हीच ठरवा, मी त्यात बोलणार नाही, ते तुमच्या तत्त्वाचं घर आहे. तिथून मी फक्त फोटो आणले, तुमची खुर्ची आणली आणि ती कपड्यांची टोपलीही आणली. मी नागपूरला येणार नाही. माझं ऊन आता इथे आहे आणि ते माझ्या मुलीने आणलंय. तुम्ही मात्र या. तुमच्याशिवाय ही दोन माणसांची जागा उगाच मोठी वाटते. आत्ता बारा वाजून गेलेत, वर्षातले सगळ्यात लहान दिवस चालू आहेत, आणि ऊन खिडकीतून सरळ समोरच्या भिंतीवर, बाबासाहेबांच्या फोटोवर, आणि खाली तुमच्या खुर्चीच्या पाठीवर आलंय. तुमचं होकायंत्र ड्रॉवरमध्ये सापडलं, म्हणून बघितलं. ती भिंत दक्षिणेची आहे. तुम्ही म्हणत होता तेच खरं, दक्षिणेला हिवाळाभर ऊन येतं. फक्त खिडकी उत्तरेला लागते. तेव्हा विमानतळावर उतरलात की जुन्या पत्त्यावर जाऊ नका, तिथे कुणी नाही. नवा पत्ता पाकिटामागे लिहिलाय, पण तो हरवला तरी हरकत नाही. टॅक्सीवाल्याला नुसतं लॉन्ड्री म्हणा, तो आणून सोडेल.

तुमचीच, आणि तुमच्याच बाजूची,
सुनेत्रा